ताईची वही आणि हाड्झांचं पाणी

ताईची वही अजून माझ्याकडे आहे. निळ्या पुठ्ठ्याची, पातळशी. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले चार रकाने: तारीख, किती मिनिटं चालले, घड्याळाने किती कॅलरी दाखवल्या, आणि सकाळचं वजन. वर्षभर, रोज एक तास. पाऊस असेल त्या दिवशी "जिना" असं लिहिलंय, म्हणजे जिन्यावरून वरखाली केलेलं. एकदा ताप आला होता तेव्हा तीन दिवस रकाने रिकामे आहेत आणि बाजूला बारीक अक्षरात "ताप" एवढंच, जसं काही कुणीतरी जाब विचारणार आहे आणि उत्तर तयार ठेवलेलं बरं.

शेवटच्या पानावर तिने गणित केलंय. रोजच्या चालण्याच्या जास्तीच्या २०० कॅलरी, गुणिले ३६५, म्हणजे ७३,०००. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. भागाकार करून साडेनऊ किलो, आणि त्या साडेनऊभोवती पेनाने गोल. त्याच्या खाली, वेगळ्या शाईत, खरं उतरलेलं वजन. २.३ किलो.

ही वही घेऊन ती डॉक्टरांकडे गेली होती. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो, म्हणाले, आणि लोक काय काय खाल्लं ते विसरतात, तुम्ही जरा प्रामाणिकपणे लिहून काढा. ती घरी आली, वही टेबलावर ठेवली आणि मला हे सगळं सांगितलं, आणि मी काय म्हणाले, तर "अगं ताई, येता-जाता काहीतरी जात असेलच ना तोंडात". ती काही बोलली नाही. वही उचलून कपाटात ठेवली.

हे मला आजही टोचतं. कारण त्यानंतर दोनेक वर्षांनी मी शिकार करून आणि कंद खणून जगणाऱ्या लोकांच्या शरीरावरचा रिसर्च वाचायला घेतला, अगदी सहज, म्हणजे ताईचा आणि याचा काही संबंध आहे असं डोक्यातही नव्हतं, आणि वाचता वाचता एका रात्री मी उठून ते कपाट उघडलं आणि वही काढली. तिचा गुणाकार बरोबर होता. वहीसुद्धा खरीच होती. चूक होती ती आपण सगळ्यांनी मनात धरून ठेवलेल्या शरीराच्या चित्रात.

ते चित्र सगळ्यांना माहिती आहे. पूर्वीचा माणूस दिवसभर रानात हिंडायचा, शिकारीमागे धावायचा, त्यामुळे खाल्लेलं सगळं जळायचं. आता आपण खुर्चीत बसतो, गाडीने जातो, लिफ्टने चढतो, जळत काहीच नाही, म्हणून साठतं. म्हणजे शरीर हे बँकेचं खातं, इकडून जमा, तिकडून खर्च, आणि आपला खर्च बंद पडला म्हणून शिल्लक वाढत चालली. ऐकायला इतकं पटतं की कुणी तपासून बघावं असं वाटतच नाही. माझाही त्यावर पूर्ण विश्वास होता. आणि गंमत म्हणजे ज्यांनी हे तपासलं त्यांचाही होता, ते हे सिद्ध करायलाच निघाले होते.

टांझानियाच्या उत्तरेला एयासी नावाचं खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे, त्याच्या आजूबाजूच्या खडकाळ काटेरी रानात हाड्झा लोक राहतात. सगळे मिळून साधारण हजार-तेराशे, आणि त्यातले काहीशेच आता मुख्यतः शिकार करून आणि रानातलं वेचून जगतात, बाकीच्यांच्या आयुष्यात शेती, मजुरी, पर्यटक हे सगळं आलेलं आहे. जे अजून जुन्या पद्धतीने राहतात त्यांच्याकडे शेत नाही, गुरं नाहीत, साठवणीचं धान्य नाही. सकाळी बाया टोळक्याने निघतात, हातात टोकदार केलेली काठी, पाठीला तान्हं असेल तर तान्हं, आणि मैल-दीड मैल चालून गेल्यावर एखाद्या वेलीखाली बसून कडक जमीन खणायला लागतात, दगड उचकटायचे, हाताने माती उपसायची, परत काठी मारायची, तासन्‌तास, मग खाली कुठेतरी कंद लागतो, तंतूच तंतू असलेला, जो चावून चोथा थुंकावा लागतो. पुरुष धनुष्य घेऊन बहुतेक वेळा एकटेच जातात. मध काढायचा असेल तर गोरखचिंचेच्या खोडात लाकडी खुंट्या ठोकत ठोकत वर चढतात, तेवढं जाड खोड, मिठीत मावणारच नाही, एक खुंटी ठोकायची, तिच्यावर पाय द्यायचा, पुढची ठोकायची. मधाकडे वाट दाखवणारा एक पक्षी आहे, माणूस शीळ घालतो आणि तो पक्षी ओरडत ओरडत पुढे उडत पोळ्यापर्यंत नेतो. हे सगळं खरं आहे, लोककथा नाही.

हर्मन पॉन्ट्झर, डेव्हिड राइकलेन आणि ब्रायन वुड हे संशोधक आणि त्यांचे सहकारी या लोकांमध्ये जाऊन राहिले. त्यांना मोजायचं होतं की असं जगणारं शरीर दिवसाला नेमकी किती ऊर्जा खर्च करतं. बाया दिवसाला सरासरी ५.८ किलोमीटर चालत होत्या आणि पुरुष ११.४, आणि हे नुसतं चालणं, खणणं-चढणं-तोडणं-वाहून आणणं वेगळंच. नंतरच्या एका अभ्यासात त्यांच्या छातीला पट्टे बांधून हृदयाचे ठोके मोजले, तर मध्यम ते जोरदार म्हणता येईल अशी हालचाल दिवसाला सरासरी १३५ मिनिटं निघाली. आपल्याला आठवड्याला दीडशे मिनिटं करा म्हणून सांगतात आणि तीही बहुतेकांच्याने होत नाहीत.

आता मोजलं कसं ते सांगते, कारण मला या सगळ्यात तेच सगळ्यात सुंदर वाटतं.

माणसाला एखाद्या बंद खोलीत ठेवून त्याचा श्वास मोजता येतो, पण मग तो माणूस त्याचं आयुष्य जगत नसतो. मोकळ्या रानात हिंडणाऱ्या माणसाचा खर्च मोजायचा तर काय करणार? यावर १९४९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या नेथन लिफसन यांच्या गटाला एक धागा सापडला. आपण उच्छ्वासातून जो कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यातला ऑक्सिजन हा शरीरातल्या पाण्यातल्या ऑक्सिजनबरोबर सतत अदलाबदल करत असतो. म्हणजे पाण्यातल्या ऑक्सिजनला शरीराबाहेर जायला दोन वाटा आहेत, एक पाणी म्हणून, म्हणजे लघवी, घाम, वाफ, आणि दुसरी श्वासातून. हायड्रोजनला मात्र एकच वाट, पाण्याची. मग काय करायचं, तर थोडं खास पाणी प्यायला द्यायचं ज्यात हायड्रोजनही जरा जड आणि ऑक्सिजनही जरा जड असतो, दोन्ही निरुपद्रवी, किरणोत्सर्ग वगैरे काही नाही. एखाद्या हौदात दोन रंग टाकलेत असं समजा. एक रंग एकाच नळातून जातोय, दुसरा दोन नळांतून. काही दिवसांनी दोन्ही रंग किती फिके झाले ते बघितलं की दुसऱ्या नळातून किती गेलं ते कळतं. दुसरा नळ म्हणजे श्वास. श्वासातून किती कार्बन डायऑक्साइड गेला ते कळलं की शरीराच्या भट्टीत किती जळलं तेही कळलं.

आधी हे उंदरांसारख्या लहान प्राण्यांवरच वापरायचे, कारण ते जड ऑक्सिजनचं पाणी भयंकर महाग होतं आणि माणसाच्या आकाराला ते परवडणारं नव्हतं. माणसांवर पहिल्यांदा १९८२ मध्ये डेल शॉलर यांनी वापरलं. म्हणजे माणूस दिवसाला खरोखर किती ऊर्जा खर्च करतो हे मोकळ्या आयुष्यात नीट मोजायला लागून पुरती पन्नास वर्षंही झालेली नाहीत. त्याआधीचे बरेचसे आकडे अंदाजाचे, अमुक कामाला एवढ्या, तमुक कामाला एवढ्या, अशी बेरीज. ताईच्या मनगटावरचं घड्याळही तसलीच बेरीज करत होतं.

तर हाड्झांच्या वस्तीवर तीस जणांनी, १३ पुरुष आणि १७ बाया, ते पाणी प्यायलं आणि आपापल्या कामाला निघून गेले. मग अकरा दिवसांच्या काळात ठरलेल्या दिवशी लघवीचे नमुने, छोट्या कुप्या, तिथल्या रानातून थेट दूरच्या प्रयोगशाळेपर्यंत. मी कितीदा तरी ते डोळ्यांसमोर आणते. एखादी बाई सकाळी कुपी देते, काठी उचलते आणि खणायला जाते. तिला आपण काय उलथवणार आहोत याची काही कल्पना नाही.

निकाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुष दिवसाला साधारण २,६०० कॅलरी, बाया साधारण १,९००.

हे आकडे ओळखीचे वाटतात ना? वाटणारच. ऑफिसात बसणाऱ्या, गाडीने घरी येणाऱ्या माणसांचे आकडे याच्याच आसपास असतात. नुसता आकडा बघितला तर अमेरिकेतल्या लोकांचा जरा जास्तच भरतो, पण ते देहाने मोठे असतात, हाड्झा पुरुष सरासरी ५१ किलोचा आणि बाई ४३ किलोची. शरीराचा आकार, चरबी सोडून उरणारं वजन, वय, हे सगळं हिशोबात धरलं की दोघांमध्ये फरक उरत नाही. रोज अकरा किलोमीटर चालणारा आणि रोज खुर्चीत बसणारा, दोघांचा दिवसाचा एकूण खर्च सारखाच.

मला पहिल्यांदा वाटलं त्यांचं चालणंच काटकसरीचं असेल, सवयीने. पण तेही तपासलेलं आहे. तोंडावर मास्क लावून चालताना त्यांचा श्वास मोजला, तर एक किलो वजन एक मीटर न्यायला त्यांना लागते तेवढीच ऊर्जा आपल्यालाही लागते. म्हणजे चालण्याची किंमत ते पूर्ण मोजतायत. आणि हाड्झांमध्येच जो जास्त चालतो त्याचा दिवसाचा एकूण खर्च जास्त असं काही दिसलं नाही.

मग ती ऊर्जा जाते कुठे, किंवा असं म्हणूया, वाचवली कुठून जाते?

इथे मला खूप वेळ लागला समजायला, कारण खर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पळणं आणि घाम येतो. प्रत्यक्षात बहुतेकांच्या दिवसाच्या खर्चातला निम्म्याहून जास्त भाग नुसतं जिवंत राहण्यात जातो. आपण झोपलेले असतानाही यकृत चालू आहे, मूत्रपिंडं गाळतायत, मेंदू आहे, जो एकटाच विश्रांतीच्या खर्चातला सुमारे पाचवा हिस्सा घेतो. रोगप्रतिकारशक्ती सतत पहाऱ्यावर आहे. पेशी दुरुस्त होतायत. हे सगळं आपल्याला दिसत नाही म्हणून आपण ते फुकट धरतो. पॉन्ट्झर यांचं म्हणणं असं की शरीर एका ठरलेल्या पगारात घर चालवणाऱ्या माणसासारखं वागतं, एकीकडे खर्च वाढला की दुसरीकडे हात आखडतो. ते २०१६ मध्ये त्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या ३३२ माणसांवर तपासलं. अगदी बैठ्या माणसापासून मध्यम हालचाल करणाऱ्यापर्यंत खर्च वाढत जातो, पण त्याच्यापुढे हालचाल वाढली तरी खर्चाची रेघ सपाट व्हायला लागते.

हात आखडतो म्हणजे कुठे, तर बहुधा त्या न दिसणाऱ्या कामांमध्ये. उगाच पेटलेली सूज, जी कुठल्याही जखमेशिवाय आत धुमसत असते, ती कमी होते. ताण आल्यावर हार्मोन्सची जी लाट उठते ती जरा लहान होते. हाड्झा पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन श्रीमंत देशांतल्या पुरुषांपेक्षा कमी असतं आणि तरी त्यांना मुलंबाळं छान होतात. अतिरेक केला तर मात्र हीच काटकसर अंगावर येते, प्रमाणाबाहेर व्यायाम करणाऱ्या मुलींची पाळी थांबते ते यातलंच, शरीर म्हणतं आता एवढंच परवडतं. ही मांडणी अजून पूर्ण सिद्ध झालेली नाही, शरीर नेमकं कुठून किती वाचवतं याचा हिशोब अजून चालू आहे, पण मला ती पटते, कारण बसून राहिल्याने माणूस आजारी का पडतो याचं मला मिळालेलं हे सगळ्यात समजण्यासारखं उत्तर आहे. हालचाल केली नाही तर ती ऊर्जा काही शिल्लक राहत नाही, ती आतल्या आत भलत्या कामांवर उधळली जाते.

इक्वेडोरमधल्या शुआर मुलांचा अभ्यास वाचून तर मी बराच वेळ नुसती बसून होते. ॲमेझॉनच्या जंगलातली ही मुलं, पाच ते बारा वर्षांची, भरपूर हिंडतात, आणि त्यांना सतत जंतांशी, तापाशी लढावं लागतं. सॅम्युएल अर्लाकर आणि सहकाऱ्यांनी मोजलं तर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च अमेरिका-ब्रिटनमधल्या मुलांएवढाच. पण नुसतं पडून असतानाचा खर्च सुमारे २० टक्के जास्त, कारण प्रतिकारशक्ती कामाला लागलेली. एकूण रक्कम तेवढीच असेल आणि लढाईला जास्त लागली, तर कमी कुठे पडणार? ज्या मुलांच्या अंगात संसर्गाशी झुंज चालू होती ती मुलं तेवढ्या काळात कमी वाढली. उंचीतून वळती झाली ती ऊर्जा. एका लहान मुलाच्या शरीराने हा जमाखर्च गुपचूप करून टाकला आणि कुणाला कळलंही नाही.

दुसऱ्या टोकाची माणसंही आहेत. २०१५ मध्ये काही धावपटू अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून वॉशिंग्टनपर्यंत पळत गेले, आठवड्याला सहा मॅरेथॉन, जवळपास वीस आठवडे. सुरुवातीला त्यांचा खर्च अपेक्षेप्रमाणे प्रचंड होता. शेवटी शेवटी तेवढंच अंतर रोज पळत असूनही तो अपेक्षेपेक्षा सुमारे ६०० कॅलरींनी कमी भरला. शरीराने पाच महिन्यांत काटकसर शिकून घेतली. त्याच अभ्यासातून निघालं की माणूस दीर्घकाळ विश्रांतीच्या खर्चाच्या अडीचपटीच्या वर फारसा टिकू शकत नाही. आणि गरोदर बाईचं शरीर नऊ महिने २.२ पटीपर्यंत जातं. मी हे वाक्य परत वाचलं. खंड ओलांडून पळत जाणाऱ्या माणसांची दीर्घ पल्ल्याची मर्यादा आणि गरोदरपण, दोन्ही जवळजवळ एकाच पायरीवर. यावर टाळ्या कधी वाजल्याचं मी तरी ऐकलं नाही.

पण ताईच्या वहीकडे परत येते, कारण इथे एक गोष्ट सांगितली नाही तर ते अर्धवट होईल. व्यायामाचा खर्च पूर्णच गिळला जातो असं म्हणणं बरोबर नाही, आणि यावर संशोधकांमध्ये जोरात वाद आहे. २०२१ मध्ये व्हिन्सेंट कॅरो, लुइस हॉल्सी आणि बाकीच्यांनी १,७५४ माणसांचा असाच पाण्याने मोजलेला डेटा तपासला, तर सरासरी २८ टक्के भरपाई निघाली. म्हणजे हालचालीवर १०० कॅलरी जास्त घातल्या तर त्यातल्या २८ शरीर दुसरीकडून वाचवतं, ७२ खऱ्याच जास्तीच्या. आणि ज्यांच्या अंगात चरबी जास्त त्यांच्यात ही भरपाई जास्त दिसली. म्हणजे जिला वजन कमी करायची सगळ्यात जास्त गरज, तिचंच शरीर सगळ्यात जास्त हात आखडतं. त्यात भूकही थोडी वाढते, इतकी थोडी की पानात वाढताना कळतसुद्धा नाही. या सगळ्याची बेरीज करा आणि मग त्या गोल केलेल्या साडेनऊकडे बघा. खाली लिहिलेले २.३ किलो हा काही कबुलीजबाब नाही. ते अगदी ठीक, समजण्यासारखं, प्रामाणिक उत्तर आहे.

आणि ते चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो, तेही तसं नाही निघालं. २०२१ मध्येच २९ देशांतल्या ६,४०० हून जास्त माणसांचा डेटा एकत्र केला, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या म्हाताऱ्यांपर्यंत. शरीराच्या आकाराच्या मानाने बघितलं तर वर्षाच्या आसपासचं बाळ मोठ्या माणसाच्या दीडपट ऊर्जा जाळतं, मग विसाव्या वर्षापर्यंत ते हळूहळू उतरतं, आणि वीस ते साठ सपाट. चाळीस वर्षं सपाट. पाळी जाते त्या वयातही काही घसरगुंडी दिसली नाही. साठीनंतर मात्र वर्षाला एक टक्क्याहून कमी असा हळूहळू उतार. माझ्या ताईला बेचाळिसाव्या वर्षी जे इतक्या खात्रीने सांगितलं गेलं ते तेव्हा नीट मोजलेलंच नव्हतं.

मग वजनं वाढली कशाने? २०२५ मध्ये ३४ लोकसमूहांतल्या ४,२१३ माणसांचा अभ्यास आला, त्यात शिकारी-संकलक, गुराखी, शेतकरी, श्रीमंत देशांतले ऑफिसवाले, सगळे. देश श्रीमंत होत जातो तसा आकाराच्या मानाने होणारा खर्च किंचित कमी होतो खरा, पण वाढलेल्या चरबीतला अगदी थोडा भाग, दहाव्या हिश्शाच्या आसपास, त्याने समजावता येतो. बाकी बोट खाण्याकडे जातं. यावर मी फार लिहिणार नाही, खाण्यावर सगळेच लिहितात. पण एवढं सांगते की हाड्झांना गोड आवडत नाही असं अजिबात नाही, मध त्यांचा सगळ्यात लाडका पदार्थ, आणि मिळाला की ते पोटभर खातात. फक्त तो पन्नास फुटांवर खुंट्या ठोकत चढून, मधमाश्यांचे डंख सोसून आणायचा असतो, आणि बाकीचे दिवस तोच तंतुमय कंद. आपल्याकडे मध हाताच्या अंतरावर असतो, तोही गोड, खारट, तळलेला, एकाच घासात सगळं असा, आणि थांब म्हणायला पोटाला वेळच मिळत नाही.

एक सांगायलाच हवं, त्यांचं आयुष्य स्वप्नासारखं आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्यांच्यात साधारण पाचातलं एक बाळ पहिल्या वाढदिवसाआधी जातं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनीचा मोठा भाग शेतकऱ्यांनी आणि गुराख्यांनी व्यापलाय. त्यांना आपल्या व्यायामाचं उदाहरण करून टाकणं आणि त्यांच्या रानाचं काय झालं ते न विचारणं हे मला बरं वाटत नाही. पण जे लहानपण पार करतात ते साठी-सत्तरीतही चालत असतात, खणत असतात, आणि त्यांचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल बघितलं तर हृदयविकाराची चिन्हं क्वचितच दिसतात. एकूण खर्च आपल्याएवढाच. तो खर्च होतो कशावर, एवढाच फरक, आणि तेवढ्यात सगळं आलं.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. माणूस मुळात काटकसरी प्राणीच नाही. पॉन्ट्झर आणि सहकाऱ्यांनी चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांनाही ते पाणी पाजलं, आणि आकाराचा हिशोब करून माणूस चिंपांझीपेक्षा दिवसाला सुमारे ४०० कॅलरी जास्त जाळतो असं निघालं, ओरांगउटानपेक्षा तर ८२० च्या आसपास. मोठा मेंदू, जास्त मुलं, लांब आयुष्य, याची ती किंमत. एवढा खर्चिक प्राणी रानात टिकला कसा, कारण एक वाईट दिवस गेला की संपलं? तर तो वाटून खातो म्हणून. शिकारीला गेलेला रिकाम्या हाताने परत येऊ शकतो कारण बायांनी कंद आणलेले असतात, बायांना तान्हं सांभाळत कमी खणता येतं कारण आजी जास्त खणते. हाड्झांमधल्या म्हाताऱ्या बायांचे कष्ट संशोधकांनी तासांनी मोजलेत, आणि नातवंडांचं वजन त्यांच्या खणण्यावर हलतं. जिच्या जोरावर आपण एवढे खर्चिक झालो ती गोष्ट एकट्याच्या मनगटावर मोजता येणारी नव्हतीच कधी.

हे सगळं मी ताईला सांगितलं. वही समोर ठेवून, एकेक आकडा. आधी मी माफी मागितली, "ताई, मी तेव्हा तुला खोटं ठरवलं". ती म्हणाली, जाऊ दे गं, मलाही वाटायला लागलं होतं की मीच विसरतेय काहीतरी खाल्लेलं. हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं. मग तिने शेवटचं पान उघडलं आणि त्या २.३ वर बोट ठेवून बराच वेळ बघत बसली. चालणं तिने सोडलेलं नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही. त्या वर्षानंतर तिचा रक्तदाब खाली आला, साखर आटोक्यात आली, रात्री सलग झोप लागायला लागली. यासाठी वहीत रकानाच नव्हता.

मग तिने एक वेगळंच विचारलं. ते लोक दमून आल्यावर काय करतात, बसत नाहीत का? मी म्हटलं बसतात की, आणि भरपूर बसतात. राइकलेन यांनी २०२० मध्ये मांडलेला आकडा आहे, हाड्झा माणसं जागेपणी दिवसाला सुमारे दहा तास बसून-टेकून काढतात, म्हणजे आपल्याइतकीच. फक्त खुर्ची नसते. त्यातला बराच वेळ ते उकिडवे बसतात किंवा गुडघ्यांवर, आणि त्या बसण्यात पायांचे स्नायू थोडे थोडे काम करत राहतात, खुर्चीत ते पार झोपून जातात.

ताई खुर्चीतून उठली. ओढणी कमरेला खोचली, भिंतीला एक हात लावला आणि हळूहळू खाली गेली. अर्ध्यावर थांबली, गुडघ्यांतून कडकड आवाज आला, परत खाली. टाचा उचललेल्या, चवड्यांवर तोल, बोटं पांढरी पडलेली. मीही शेजारी बसायला गेले तर माझ्याही टाचा टेकेनात. लहान असताना तासभर अशाच बसून आम्ही मातीत खेळायचो. "थांब," ती म्हणाली, आणि पाय जरा लांब केले, अंग पुढे झुकवलं. उजवी टाच टेकली. डावी अजून बोटभर वर होती.

"मोज," म्हणाली.

मी मोजायला लागले. तेवीसला डावी टेकली.